खुद्री : एका माशाचे नाव आणि आपल्या नद्या

नदीकाठी गळ टाकून बसलेला माणूस आपल्याकडे रिकामटेकड्यांत जमा होतो. घरची म्हातारी म्हणते, "गेला असेल गळ घेऊन, भूक लागली की येईल घरी." पण माशांच्या या नादातूनच आपल्या नद्यांचा एक इतिहास लिहिला गेला आहे, आणि त्याचे पहिले पान पुण्याच्या उशाशी, मुळा-मुठेच्या काठी उघडते. आज तीच हकीगत सांगायची आहे.

सुरुवात जरा लांबून करू. विलायतेत, विशेषतः स्कॉटलंडमध्ये, थंड आणि काचेसारख्या स्वच्छ पाण्याच्या डोंगरी नद्या आहेत. त्यांत ट्राउट नावाचा ठिपकेदार मासा असतो. पाण्यावर पडणारे किडे-माश्या तो वर येऊन टिपतो. त्याला धरताना गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावायची नाही, असा तिथल्या पुष्कळ शौकिनांचा दंडक असतो. पिसाचा तुकडा, रेशमाचा दोरा, थोडी लोकर यांची खोटी माशी गळावर बांधायची आणि ती पाण्यावर अशी अलगद सोडायची की, माशाला खरीच माशी बसल्यासारखे वाटावे. या माशीला वजन असे नसतेच. म्हणून दोरी जड घेतात, लवचिक काठीने ती मागे-पुढे झुलवतात, आणि दोरीच्या वजनानेच माशी दूर जाऊन पडते. आपल्याकडे माशी शिंकली की काम बिघडते म्हणतात. तिथे सगळे काम माशीच्याच भरवशावर! युक्ती मात्र फार जुनी. इसवी सन 200 च्या सुमाराला ईलियन या रोमन लेखकाने लिहून ठेवले आहे की, मॅसिडोनियातले लोक गळाला तांबडी लोकर आणि कोंबड्याची पिसे बांधून मासे धरतात.

आता कोणी म्हणेल, हा सारा साहेबाचा शौक, आपला त्याच्याशी काय संबंध? तर संबंध आहे, आणि तो साहेबाच्या आधीचा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 1129 च्या सुमाराला 'मानसोल्लास' नावाचा मोठा संस्कृत ग्रंथ रचला. मराठीच्या शिक्षकांना हा ग्रंथ परिचयाचा आहे. महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात, हा जुना उल्लेख त्यातलाच. याच ग्रंथात 'मत्स्यविनोद' म्हणून एक प्रकरण आहे. मासे किती प्रकारचे, काठी आणि दोरी कशी करावी, कोणत्या माशाला कोणते आमिष लावावे, मासे एका जागी जमावेत म्हणून आधी चारा कसा घालावा, हे सारे राजाने त्यात बारकाईने सांगितले आहे. प्राणिशास्त्रज्ञ डॉ. सुंदरलाल होरा यांनी 1951 मध्ये या प्रकरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. गळाच्या कलेवरचे पहिले इंग्रजी पुस्तक छापले गेले 1496 साली. म्हणजे आपला दख्खनचा राजा त्याच्या साडेतीनशेहून अधिक वर्षे पुढे होता.

पुढे इंग्रज आले. येताना काठ्या, दोऱ्या, माश्यांच्या डब्या घेऊन आले, पण इथल्या पाण्यात ट्राउट नव्हता. त्याला थंड पाणी लागते. पाणी वीस अंशांच्या पुढे तापू लागले की तो बेजार होतो, आणि आपल्या वैशाखातल्या डोहात तर त्याचा निभावच लागायचा नाही. म्हणून त्यांनी उंच जागा शोधल्या. निलगिरीवर 1863 पासून प्रयत्न झाले. पुष्कळ वेळा फसले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुठे जमले. काश्मीरमध्ये 1900 साली स्कॉटलंडहून आणलेल्या अंड्यांतून ट्राउट रुजला. सह्याद्रीच्या पूर्वेकडे उतरणाऱ्या आपल्या नद्यांत मात्र त्याला थारा नव्हता.

पण इथे दुसराच एक मासा होता. मोठमोठे खवले, जाड ओठ, अंगात पैलवानाचे बळ. दात तोंडात नाहीत, घशात. किडे, गोगलगाई, लहान मासे, काठच्या झाडाची पडलेली फळे, जे मिळेल ते खाणारा. गळाला लागला की प्रवाहात अशी मुसंडी मारतो की हातातली काठी वाकून कमान होते. हाच महासीर. मद्रास इलाख्यातल्या हेन्री सुलिव्हन थॉमस या मुलकी अधिकाऱ्याने 1873 साली 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक लिहिले, आणि विलायतेच्या सामन माशापेक्षाही महासीर सरस झुंज देतो असे बजावून सांगितले. तेव्हापासून हिंदुस्थानातल्या गळवाल्या साहेबांनी ट्राउटचे दुःख पुष्कळसे आवरते घेतले.

महासीराच्या अनेक जाती आहेत. आपल्या दख्खनच्या जातीला शास्त्रात नाव आहे 'टॉर खुद्री'. आता हे 'खुद्री' कुठले? लॅटिन नाही, ग्रीक नाही, इंग्रजी तर नाहीच. श्रोते हो, हे नाव आपल्या नदीकाठचे आहे.

त्याची गोष्ट अशी. विल्यम हेन्री साइक्स हा कंपनीच्या मुंबई फौजेतला अधिकारी. 1817 साली पेशवाईचा शेवट करणाऱ्या खडकीच्या लढाईत तो कंपनीच्या बाजूने होता. पुढे माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना, 1824 मध्ये, साइक्सची नेमणूक दख्खनची आकडेवारी गोळा करण्याच्या कामावर झाली. नव्याने जिंकलेल्या मुलखात माणसे किती, पिके कोणती, धान्याचा भाव काय, पाऊस किती पडतो, हे सगळे त्याने टिपायचे. हेतू राज्यकर्त्याचाच होता, त्यात शंका नको. पण माणूस चौकस होता. आकडे टिपता टिपता त्याने पक्षी टिपले, प्राणी टिपले, आणि नद्यांतले मासेही टिपले. 1831 मध्ये तो विलायतेला परतला. दख्खनच्या माशांवरचा त्याचा निबंध 1838 मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळापुढे वाचला गेला, त्याचा सारांश 1839 साली छापून आला आणि सचित्र निबंध 1841 साली निघाला.

या निबंधाची मौज अशी की, शास्त्राला नव्या असलेल्या पुष्कळ माशांना त्याने मराठी नावेच ठेवली. काही मासे त्याने साहेबांच्या नावे केले हे खरे. सापासारख्या लांब अंगाच्या एका माशाला त्याने एल्फिन्स्टनचे नाव दिले. पण बाकीची यादी वाचत गेले तर वाटते, आपण एखाद्या भोयाच्या अंगणात बसलो आहोत. कोळस, शिंगटी, नुकटा, रोहटी, गुंगवारी, टाकरी! यातल्या नुकट्याच्या नाकाडावर उंचवटा असतो. इंग्रजी कानांनी ऐकून इंग्रजी अक्षरांत लिहिल्यामुळे काही नावे वाकडी झाली, पण त्यांचा मराठी बाज लपत नाही. त्याच यादीत आपला खुद्री आहे. तो कुठे सापडला हेही साइक्सने लिहिले आहे : 'मोटा-मोला' नदीत, पुण्याच्या पूर्वेला सुमारे आठ मैलांवर. ही मोटा-मोला म्हणजे आपली मुठा-मुळा. आठ मैल म्हणजे तेरा किलोमीटर. साधारण आजच्या मांजरीच्या अंगाला ही जागा येते.

विचार करा. नदीकाठच्या कोणा जाळेवाल्याने साहेबाला सांगितले असेल, "हा खुद्री, साहेब." ते एक नाव लंडनला गेले, पुस्तकात शिरले, आणि आज जगातल्या कोणत्याही देशाचा शास्त्रज्ञ या माशाविषयी लिहितो तेव्हा त्याला तेच नाव लिहावे लागते. शास्त्राच्या रिवाजाप्रमाणे माशाच्या नावापुढे साइक्सचे नाव लागते. सांगणाऱ्याचे नाव लागत नाही. पण त्याचा शब्द लागला आहे, आणि तो दोनशे वर्षांच्या घरात येऊनही टिकून आहे.

शब्द टिकला, माशाचे काय झाले? त्यासाठी त्याचे आयुष्य थोडे समजून घेतले पाहिजे. खुद्री, म्हणजे पुष्कळ ठिकाणी ज्याला खडस म्हणतात तोच, उन्हाळा खोल डोहात काढतो. पावसाळ्यात नदीला पाणी आले की तो प्रवाहाच्या उलट वर चढू लागतो. वर डोंगराकडे, जिथे पाणी उथळ, स्वच्छ आणि वाहते असते, तळाला गोटे-वाळू असते, तिथे तो अंडी घालतो. पाणी ओसरू लागले की पुन्हा खाली येतो. म्हणजे त्याला घर एक नाही, दोन आहेत, आणि दोहोंमधली वाट मोकळी लागते.

ही वाटच अडली. मुठेवर खडकवासल्याचे धरण 1879 मध्ये पुरे झाले. मुळेवर मुळशीचे धरण 1920 नंतरच्या दशकात उभे राहिले. त्यासाठी बुडणाऱ्या गावांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली केलेला सत्याग्रह आपल्याला ठाऊकच आहे. पुढे पानशेत, वरसगाव, टेमघर झाली. पुण्याला पाणी मिळाले, खाली शेते भिजली. धरणे नकोत असे कोण म्हणेल? पण वर चढणाऱ्या माशाला मधे भिंत लागली, एवढे नमूद केले पाहिजे.

साहेबाच्या अहवालांत मासे कमी होण्याचा दोष बहुतेक वेळा बारीक आसाच्या जाळ्यांवर गेला. फ्रान्सिस डे याने 1873 च्या आपल्या अहवालात बंधाऱ्यांच्या अडथळ्याचीही चर्चा केली होती, हे न्यायाने सांगितले पाहिजे. 1897 मध्ये कायदा झाला आणि सुरुंगाची दारू उडवून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारण्याला बंदी आली. कायदा चांगला होता. पण डोहात सुरुंग उडवून एका दमात पाटीभर मासे काढण्याचा प्रकार त्याने थांबला नाही. गळवाला एक मासा काढतो. सुरुंगवाला डोहातली पुढची पिढीच काढतो. त्यात वाळूचा उपसा आला, म्हणजे अंडी घालायची जागा गेली. शहराचे सांडपाणी नदीत आले, म्हणजे पाण्यातला प्राणवायू गेला. आणि बाहेरून आणलेले, कसल्याही पाण्यात तगणारे तिलापियासारखे मासे आले. तिलापिया आपल्या देशात आला 1952 साली.

हे सगळे आपण आज एवढ्या खात्रीने कशावरून सांगतो? याद्यांवरून. पुण्याच्या नद्यांचे हे एक भाग्य आहे की, त्यांतल्या माशांची खानेसुमारी पुन्हा पुन्हा झाली. साइक्सनंतर सुमारे शंभर वर्षांनी, 1942 मध्ये, फ्रेझर यांनी आणि त्यांच्या जोडीने होरा व मिश्र यांनी पुण्याच्या माशांवरचे लेख मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. 1963 मध्ये तोणपी आणि मुल्हेरकर यांनी पुन्हा यादी केली. 2003 मध्ये वाघ आणि घाटे यांनी खास मुळा-मुठेच्या माशांची नोंद प्रसिद्ध केली. एक यादी दुसरीशेजारी ठेवली की कळते, कोण राहिला, कोण गेला, कोण नवा घुसला. साइक्सची यादी नसती तर, मांजरीच्या पाण्यात एके काळी महासीर होता हे सांगून कोणाला खरे वाटले नसते. शहराचा मैला पोटात घेऊन वाहणाऱ्या त्या पाण्यात आज खुद्री जगेल अशी स्थिती नाही.

मग हा मासा अजिबात संपला काय? नाही. आणि तो वाचला याचे श्रेय दोन फार वेगळ्या प्रकारच्या लोकांना आहे.

पहिले श्रेय देवाच्या डोहांना. आपल्याकडे नदीच्या काही जागांवर मासा मारायचा नाही, हा अलिखित कायदा आहे. रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळण कोंडीचा डोह, वाडा तालुक्यात वैतरणेच्या काठी तिळसेश्वराचे देऊळ, अशा ठिकाणी माणसे माशांना लाह्या-चणे टाकतात, पण त्यांच्यावर जाळे टाकत नाहीत. तिथे महासीर हाताच्या अंतरावर येतो. ज्याला आपण श्रद्धा म्हणतो तिने इथे रखवालदाराचे काम केले आहे, आणि तेही बिनपगारी.

दुसरे श्रेय लोणावळ्याला. तिथे वळवणच्या तलावावर, टाटांच्या वीज कंपनीच्या जागेत, खुद्रीचे बीज तयार करण्याचे काम उभे राहिले. महाराष्ट्राच्या मत्स्यखात्याचे संचालक राहिलेले डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी या माशाची वीण, अंडी आणि पिलांची वाढ यांचा अभ्यास केला आणि 1970 च्या सुमाराला तो प्रसिद्ध केला. पुढे तिथे माद्यांची अंडी हाताने काढून, त्यांवर नराचे रेत घालून, पिले वाढवण्याची रीत बसली. विजेसाठी अडवलेल्या पाण्याच्या काठीच हे काम झाले. लोणावळ्याची पिले देशातल्या दूरदूरच्या पाण्यांत सोडली गेली.

गोष्ट इथे संपती तर गोड झाली असती. पण खरी गोष्ट पुरती सांगितली पाहिजे. ही पिले दक्षिणेत कावेरी नदीतही सोडली गेली. कावेरीत तिचा स्वतःचा, पाठीला उंचवटा असलेला महासीर होता. 1946 साली व्हॅन इंगेन या गळवाल्याने म्हैसूरकडे धरलेला 120 पौंडांचा, म्हणजे सुमारे 54 किलोंचा प्रसिद्ध मासा तो हाच. लोणावळ्याचा पाहुणा तिथे वाढला आणि घरचा धनी घटत गेला. 2018 साली त्या कावेरीच्या माशाला 'टॉर रेमादेवी' हे शास्त्रीय नाव निश्चित झाले, आणि त्याच साली तो अत्यंत धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत गेला. इकडचा मासा वाचवताना तिकडच्या माशावर संकट आले. हेतू कोणाचाही वाईट नव्हता. पण प्रत्येक नदीचे बिऱ्हाड वेगळे असते, ही गोष्ट उशिरा ध्यानात आली.

ती ध्यानात कशी आली, हे ऐकण्यासारखे आहे. कावेरीच्या काठी हौसेने मासे धरून पुन्हा पाण्यात सोडणारे गळवाले येत. कोणत्या दिवशी, कोणता मासा, किती वजनाचा, हे ते वहीत लिहीत. 1998 ते 2012 या वर्षांच्या या नोंदी अभ्यासकांनी मांडल्या, तेव्हा एका माशाची चढती आणि दुसऱ्याची उतरती रेघ स्पष्ट दिसली. रिकामटेकड्या गळवाल्यांच्या वह्यांनी साक्ष दिली! साइक्सच्या वहीने मुळा-मुठेची साक्ष दिली, तशीच.

म्हणून शिक्षक मित्रहो आणि गावोगावच्या बंधुभगिनींनो, माझे सांगणे एवढेच आहे. आपल्या गावाला नदी असेल, ओढा असेल. गावात भोई असतील, कोळी असतील, जाळे विणता येणारे एखादे वडीलधारे माणूस असेल. मुलांना घेऊन त्यांच्याकडे जा. "आजोबा, आपल्या नदीत कोणकोणते मासे होते? आता कोणते मिळत नाहीत?" एवढे दोनच प्रश्न विचारा. त्यांनी सांगितलेली नावे त्यांच्याच उच्चारात, शुद्ध करायला न जाता, शाळेच्या वहीत लिहून घ्या. डोहाचे नाव लिहा, तारीख घाला. आणि यात एक दुरुस्ती साइक्सपेक्षा आपण अवश्य करू या : सांगणाऱ्याचे नावही लिहा.

पाच वर्षांनी दुसरी तुकडी तीच वही पुढे चालवील. त्या वहीने नदी लगेच स्वच्छ होणार नाही, धरणातून मासा वर चढणार नाही. पण जे आपल्याजवळ होते त्याची नोंदच नसेल, तर ते गेल्याची तक्रार तरी कोणत्या तोंडाने करायची? मुळा-मुठेच्या काठच्या एका माणसाने एकदा एक शब्द सांगितला, आणि एकाने तो लिहून घेतला. त्यामुळेच आज आपण हक्काने म्हणू शकतो की, ही नदी खुद्रीची होती.